चकवा गोष्टीतच राहू द्या

शिरोळ तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या कोणाही माणसाला विचारा, चकव्याची एक तरी गोष्ट निघतेच. रात्रीची लाईट आली म्हणून गडी उसाला पाणी पाजायला जातो. बॅटरीच्या उजेडात दारं मोडतो, सरी भरली की पुढची धरतो. परतताना पुढे ओळखीचा माणूस चाललेला दिसतो. तो नावाने हाक मारतो, गडी त्याच्या मागोमाग निघतो आणि तांबडं फुटेपर्यंत त्याच बांधाला फेऱ्या घालत राहतो. उजाडल्यावर बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. नदीकाठच्या गोष्टींत हेच काम गिऱ्हा करतो. उताराची वाट दाखवतो म्हणून नेतो आणि डोहात घालतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या सपाट मुलखात, डोक्यावर दोन पुरुष गेलेल्या उसात, ही गोष्ट रुजली नसती तरच नवल.

जपानी शेतकऱ्यालाही हा प्राणी चांगला ठाऊक आहे. तिथे कोल्हा, म्हणजे कित्सुने, देखण्या बाईचे रूप घेतो, कधी संन्याशाचे घेतो आणि वाटसरूला रात्रभर रानात फिरवतो. तानुकी नावाचा दुसरा प्राणी तर हवे ते सोंग घेण्यात त्याच्याही पुढचा. यावर तिथले म्हातारे दोन उपाय सांगत: भुवईला थुंकी लावावी, नाहीतर थांबून शांतपणे तंबाखू ओढावी. आपल्याकडे सांगतात तेही हेच. चकवा लागला असे वाटले की चालू नको, खाली बस, विडी पेटव, उजाडायची वाट बघ.

या सल्ल्यात खरे शहाणपण आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 साली माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून पाहिले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. तो झाकला गेल्यावर ती गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली आणि आपण सरळच चाललो आहोत असे त्यांना वाटत राहिले. डोळे बांधले तेव्हा तर काहींचा फेरा वीस मीटरच्या आत आला. अमावास्येच्या रात्री उसात शिरलेल्या माणसाचे याहून वेगळे काय होणार? म्हणून ‘खाली बस’ हा उपाय अचूक आहे. तो शोधणाऱ्यांना आपण अडाणी म्हणू नये.

पण ही गोष्ट जिवंत माणसाकडे बोट दाखवू लागली की ती गोष्ट राहत नाही. जपानात इझुमो भागात काही घराण्यांवर ‘यांनी कोल्हे पाळलेत’ असा शिक्का बसला आणि त्यांच्याशी सोयरीक करायला लोक कचरू लागले. आजारी माणसाच्या अंगात कोल्हा शिरला म्हणून त्याचे हाल झाले. याविरुद्ध उभा राहिला तो बौद्ध मंदिराच्या पुजाऱ्याचा मुलगा, तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो (1858–1919). त्याने भुताखेतांचा अभ्यास हाच विषय केला आणि गावोगाव व्याख्याने दिली. ‘कोक्कुरी’ या खेळात कोल्ह्याच्या शक्तीने हलते म्हणतात ती तिवई प्रत्यक्षात खेळणाऱ्यांचेच हात नकळत हलवतात, हे त्याने समजावून सांगितले.

आपल्याकडे हे काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी केले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला. ज्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम अंगावर काटा आणते. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे, केस उपटणे, चटके देणे. हे सारे कुठे ना कुठे घडत होते म्हणूनच कायद्यात लिहावे लागले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे आणि अशा तक्रारींसाठी पोलिसांत दक्षता अधिकारीही नेमायचा आहे. तो कोण, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असले पाहिजे. शेजारी मानसिक आरोग्यासाठीचा 14416 हा सरकारी हेल्पलाइनचा नंबरही हवा.

जपानने गोष्टी मात्र टाकल्या नाहीत. शिगेरू मिझुकी या चित्रकाराला लहानपणी सकाइमिनातो गावातल्या एका म्हातारीने भुतांच्या गोष्टी सांगितल्या. त्यांतून त्याची चित्रमालिका उभी राहिली आणि 1993 पासून त्या गावाने आपल्या रस्त्यावर त्या भुतांचे काशाचे पुतळे बसवले. आपल्याकडे अशा समजुती मोठ्या प्रमाणात गोळा करवल्या त्या जॅक्सन या इंग्रज कलेक्टरने, खेडोपाडीच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून. नाशिकला 1909 साली त्याचा वध झाला आणि ती माहिती पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ग्रंथरूपाने छापली. त्यानंतर शतक उलटले. मांत्रिकाच्या दारात गर्दी आहे, पण आजीकडे गोष्ट ऐकायला बसणारे कोणी नाही.

शिरोळच्या शाळांनी हे चक्र उलटे फिरवावे. नववी-दहावीच्या मुलांनी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून चकव्याच्या, गिऱ्ह्याच्या गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणता बांध, कोणता ओढा, कोणता उतार. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी गावे विस्कटली आहेत. जुन्या डोहांची आणि उतारांची नावे आता या गोष्टींतच टिकली तर टिकतील. आणि त्याच वर्गात शिक्षकांनी कायद्याची ती अनुसूची मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या मुलाला चकव्याची गोष्ट मनापासून आवडते आणि चकवा का लागतो हेही ठाऊक आहे, ते मूल उद्या घरातल्या आजारी बाईला मांत्रिकाकडे नेऊ देणार नाही.