टीबी ताटातून येत नाही

मागच्या पावसाळ्यात एका घरी गेले होते. दहा बाय बाराची खोली, वर माळा, समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. मोरीच्या कट्ट्यावर एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाकीच्या भांड्यांपासून वेगळे ठेवलेले. तिन्हींच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. सुनेला टीबी निघाला होता. गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला होता. तिच्या भांड्यात चुकून कुणी जेवू नये म्हणून ही खूण.

सासूबाईंना विचारलं तर त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सिस्टर, आम्ही काही तिला टाकून दिली नाही. पण घरात दोन लेकरं आहेत, भीती वाटते ना." तेवढ्यात माळ्यावरून खोकल्याची उबळ ऐकू आली. सासरे होते. कधीपासून खोकतात विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांचं काय, बिडीचा खोकला आहे. होळीपासून आहे." दोन्ही नातवंडं रात्री आजोबांजवळच झोपायची.

त्यांना बेडका तपासायला न्यायला आठ दिवस समजूत घालावी लागली. टीबी निघाला. सुनेला तो कुणाकडून झाला हे छातीठोक सांगता येत नाही. पण त्या दिवशी त्या घराच्या हवेत जंतू कोण सोडत होतं हे सांगता येतं, आणि त्या माणसाच्या ताटाला ठिपका नव्हता.

आपल्या वस्त्यांमध्ये टीबीची भीती कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. भीती भरपूर आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. तीच हवा दुसऱ्याच्या छातीत गेली तर लागण होते. ताट, पेला, कपडे, अंथरूण, हात मिळवणं यातून टीबी होत नाही. लागण झालेल्या प्रत्येकाला आजारही होत नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी होतो. अंगात ताकद नसेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, दारू-तंबाखू असेल तर धोका वाढतो. लहान बाळांना तो मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

आणि नेमके औषध लागू पडले की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्यानं कमी होतो. साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांचा धोका फारसा उरत नाही. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर जास्त काळ जपावं लागतं, ते डॉक्टर सांगतात.

हे मी एकटी सांगत नाही. १९५६ साली मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. तेव्हा टीबीच्या रुग्णाला घरापासून तोडून सॅनेटोरियममध्ये ठेवायची रीत होती. पण गरिबांसाठी तेवढ्या खाटा होत्या कुठे? मग काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून तीच औषधं दिली. सॅनेटोरियममधल्यांना खाणं चांगलं होतं, आराम होता. तरी वर्षभरानंतर घरचे रुग्ण जवळजवळ त्यांच्याइतकेच बरे झाले. दोन्हीकडच्या कुटुंबांवर पुढे लक्ष ठेवलं. रुग्ण घरातच राहिला म्हणून घरच्यांना टीबी जास्त झाला, असं आढळलं नाही. जी लागण व्हायची होती ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेली होती. साऱ्या जगाने त्यानंतर टीबीचे उपचार घरी द्यायला सुरुवात केली. आपण मात्र अजून सुनेचा पेला वेगळा ठेवतो.

एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलं आहे. तिच्या मानेत टीबीच्या गाठी होत्या, छाती स्वच्छ होती. गाठीचा टीबी श्वासातून पसरत नाही. ती कुणालाच आजार देऊ शकत नव्हती. मुलाकडचे शिकलेले होते, घरात पदवीधर होते.

एका कार्यकर्त्याने मला सुनावलं होतं की ताई, याला अस्पृश्यता म्हणू नका, जातीचा विटाळ खोटा होता, टीबीचा जंतू खरा आहे. मला ते पटतं. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू जगापुढे ठेवला, म्हणून त्या तारखेला जागतिक क्षयरोग दिन असतो. त्याच्या चार दिवस आधी, २० मार्चला, आपण चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. पाण्याला हात लावल्यानं पाणी बाटत नाही हे ज्यांच्या आजोबांनी महाडला जाऊन दाखवलं, त्यांनी जंतू खरा आहे तर त्याचा रस्ताही खरा शोधायला नको का? पेला वेगळा केल्याने जंतूला काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसाला.

म्हणजे काय, तर तो आजार लपवतो. शेजारच्या सुनेचं काय झालं हे बाईने पाहिलेलं असतं. मग ती स्वतःचा खोकला मेडिकलमधल्या सिरपवर महिनोन्‌महिने ढकलते. गोळ्या चालू असलेल्या पोरी संडासात जाऊन गोळ्या गिळतात, माहेरी गेल्या की चार-आठ दिवस चुकवतात, बरं वाटलं की थांबवतात. साधा टीबी सहा महिन्यांत बरा होतो. अर्धवट सोडला तर औषधं लागू न पडणारा टीबी होऊ शकतो. मग उपचार जास्त अवघड होतात आणि तोच टीबी घरच्यांनाही होऊ शकतो. लेकरांना वाचवायला लावलेला ठिपका लेकरांवरच उलटतो.

सगळा दोष आपल्या माथी मारायलाही मी तयार नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये, नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये, इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथल्या टीबीचा या बांधणीशी संबंध असल्याचं २०१८ साली अभ्यासातून पुढे आलं. खिडकी उघडा हे मी सांगते, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर बाईने काय उघडायचं? हा प्रश्न नगरसेवकाला, पालिकेला विचारायचा आहे, आणि आपली मंडळं तो विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट जेवणाची. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने तांदूळ-डाळ दिली. त्या घरांत नवे टीबी रुग्ण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. वेगळ्या ताटाने जे कधीच होणार नाही ते भरलेल्या ताटाने झालं. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला १००० रुपये येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. पैसे आले नसतील तर आधार आणि पासबुक घेऊन टीबी विभागात विचारा, हक्काचे आहेत ते.

तेव्हा दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त यातलं काहीही असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे, औषधंही फुकट आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांच्या खोकल्याकडे कुणाचं लक्षच नसतं. एकाला टीबी निघाला तर बाकी सगळ्यांची तपासणी होते. ज्यांना आजार नाही त्यांना तो होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात, त्या मागून घ्या. सुरुवातीचे दिवस रुग्णाने तोंडाला रुमाल किंवा मास्क लावावा, लेकरांना दुसरीकडे झोपवावं. भांडी सगळ्यांची एकत्र घासली तरी चालतात.

विहारात रविवारी वंदनेनंतर माणसं जमलेली असतात. तिथेच आशाताईला दहा मिनिटं बोलू द्या. बेडक्याच्या डब्या कुठे मिळतात, कधी नेऊन द्यायच्या, ते ती सांगेल.