गणितास सोडचिठ्ठी

दहावीची परीक्षा संपली, कीं आपल्याकडे घरोघरीं एक प्रश्न विचारला जातो : मुलगा गणिताकडे जाणार, कीं जीवशास्त्राकडे? विचारणाऱ्यास त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. वैद्यकाच्या प्रवेशासाठीं देशभर जी 'नीट' परीक्षा होते, तींत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र आहे, गणित नाहीं. आपल्या राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेंतहि गणिताचा गट निराळा, जीवशास्त्राचा निराळा. दोन्ही विषय एकत्र घेण्याची मुभा आहे खरी. पण ज्या विषयाचे गुण हिशेबांत धरले जात नाहींत, त्यासाठीं रात्र जागविणारा विद्यार्थी विरळा. डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्यानें सोळाव्या वर्षीं गणितास सोडचिठ्ठी द्यावी, हें मग शहाणपणाचें समजलें जातें. हें शहाणपण नसून विद्येचा घात आहे आणि त्याची किंमत शेवटीं रोग्यास द्यावी लागते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या वाटणीचे समर्थक म्हणतात कीं, सजीव सृष्टि ही निरीक्षणाची व अनुभवाची वस्तु आहे. तिला समीकरणांचें काय होय? या समजुतीचा निकाल इतिहासानें लावून ठेविलेला आहे. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो येथील मठांतला साधु. वाटाण्यावरील प्रयोगांपूर्वीं, १८५१ ते १८५३ या काळांत, तो व्हिएन्ना विद्यापीठांत शिकत होता. तेथें त्याला उंगरसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ लाभला, तसाच डॉप्लरसारखा पदार्थविज्ञानी आणि चयनगणितावर ग्रंथ लिहिणारा एटिंग्सहाउझनहि लाभला. वाटाण्याचे संकर मेंडेलच्या आधींहि लोकांनीं केले होते, आणि संततींत कोणते गुण पुन्हा डोकावतात हेंहि पाहिलें होतें. मेंडेलनें तें मोजलें. संकराच्या दुसऱ्या पिढींत गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५० भरले, म्हणजे सुमारें तीनास एक. आणि या प्रमाणामागें दोन घटकांच्या जुळणीचा साधा नियम आहे, हें त्यानें ओळखलें. आपला निबंध त्यानें १८६५ सालीं वाचला व १८६६ सालीं तो छापला गेला. म्यूनिकच्या नेगेली या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाशीं त्यानें पत्रव्यवहारहि केला. पण नेगेलीस त्या आकड्यांचें मर्म उमगलें नाहीं. १८८४ सालीं मेंडेल वारला, आणि १९०० सालीं द व्हरीस, कोरेन्स व चेर्माक यांच्या हातून त्याचा नियम पुन्हा उजेडांत आला. या उपेक्षेचीं कारणें अनेक असतील; पण झाडें जाणणाऱ्यांस आकडे वाचतां येत नव्हते, हें त्यांतील एक ठळक कारण होय.

मठाच्या बागेंतून हा नियम रुग्णालयांत शिरण्यास फार वेळ लागला नाहीं. आल्कॅप्टोन्यूरिया या रोगांत रोग्याचें मूत्र हवेंत काळें पडतें. अशा रोग्यांचे आईबाप पुष्कळदां परस्परांचीं चुलत-मामे भावंडें असतात, हें लंडनचे वैद्य गॅरड यांनीं पाहिलें, आणि १९०२ सालीं बेटसन यांच्या साहाय्यानें त्याचा संबंध मेंडेलच्या नियमाशीं जोडला. पुढें १९०८ सालीं लंडनच्या वैद्यकसंस्थेंत पनेट यांचें रोग व आनुवंशिकता या विषयावर व्याख्यान झालें. त्या चर्चेंत यूल या संख्याशास्त्रज्ञानें शंका काढली : आंखूड बोटांचा दोष जर प्रभावी असेल, तर कालांतरानें समाजांत आंखूड बोटांचीं तीन माणसें व निर्दोष एक, असें प्रमाण कां होऊं नये? पनेट यांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं केंब्रिजमधील आपले क्रिकेटचे स्नेही, गणिती हार्डी, यांना गांठलें. हार्डी यांनीं थोडक्या ओळींचें एक पत्र 'सायन्स' या नियतकालिकास धाडलें. त्यांतील गणित त्यांच्या लेखीं पाढ्यांच्या पायरीचें होतें. पण त्यानें हें सिद्ध झालें कीं, बाहेरचें कारण नसेल आणि विवाह गुणनिरपेक्ष होत असतील, तर प्रभावी गुण आपोआप पसरत नाहीं. एका पिढीनंतर प्रमाणें स्थिर राहतात. त्याच सालीं, हार्डी यांच्या आधींच, स्टुटगार्टच्या वाइनबर्ग नांवाच्या व्यवसायी डॉक्टरानें हाच सिद्धांत स्वतंत्रपणें मांडला होता. गणित जाणणाऱ्या त्या वैद्यास कोणा मित्राच्या दारीं जावें लागलें नाहीं. ज्यांना डॉक्टर व गणिती या दोन जाति वाटतात, त्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

या पाढ्यांच्या गणितांत किती मोठा अर्थ भरला आहे, तें पाहा. एखादा अप्रभावी रोग दहा हजारांत एकास होतो असें समजूं. मग रोगाचें जनुक शंभरांत एक या प्रमाणांत असलें पाहिजे, आणि रोग अंगीं न दिसतां तें जनुक वागविणारे वाहक दहा हजारांत १९८ निघतात. एका रोग्यामागें सुमारें दोनशें निरोगी वाहक! म्हणजे त्या जनुकाच्या शंभर प्रतींपैकीं नव्याण्णव प्रती रोग्यांच्या नव्हे, तर धडधाकट माणसांच्या शरीरांत आहेत. रोग्यांची संतति थांबवा म्हणजे रोग निपटेल, या समजुतीचा पाया इथेंच ढासळतो. तरीहि १९३३ च्या कायद्यान्वयें जर्मनींत सुमारें चार लक्ष माणसांचें सक्तीनें वंध्यीकरण झालें, आणि तें करणारे हात डॉक्टरांचे होते. गणित आलें म्हणजे माणुसकी येते, असें आमचें म्हणणें नाहीं. फिशरसारखा थोर संख्याशास्त्रज्ञहि सुप्रजननाचा पुरस्कर्ता होता. पण हिशेब ठाऊक नसलेला वैद्य खोट्या शास्त्रापुढें निःशस्त्र असतो, एवढें खास.

'हा सगळा संशोधकांचा प्रांत झाला. रोगी तपासणाऱ्या साध्या डॉक्टरास याचें काय?' असा आक्षेप येईल. त्यास उत्तर १९७८ सालीं हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळांत मिळालें. तेथील साठ डॉक्टरांस व विद्यार्थ्यांस विचारण्यांत आलें : रोग हजारांत एकास आहे, चांचणी शंभर निरोगी माणसांपैकीं पांचांस चुकून रोगी ठरविते, तर चांचणींत सांपडलेल्या माणसास खरोखर रोग असण्याचा संभव किती? उत्तर शेंकडा दोन. तें साठांपैकीं अकरांनाच सांगतां आलें; जवळजवळ निम्म्यांनीं शेंकडा पंचाण्णव असें सांगितलें. एका शब्दानें माणसाची झोंप उडविण्याची ज्यांच्या हातीं सत्ता, त्यांची ही गणिती तयारी!

आपल्या घरचा दाखला हवा असल्यास सिकलसेलचा घ्या. हा रोग विदर्भांत व नंदुरबारकडे पुष्कळ कुटुंबांस ग्रासून आहे, आणि त्याच्या निर्मूलनासाठीं २०२३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. आईबाप दोघेहि वाहक असल्यास मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक. हें वाक्य ऐकणारा सहज समजतो कीं, पहिलें मूल रोगी निघालें, आतां पुढचीं तीन निर्धास्त. खरें असें कीं, प्रत्येक खेपेस संभव तोच, चारांत एक. दोन अपत्यांपैकीं निदान एक रोगी असण्याचा संभव सोळांत सात. हें समजावून सांगण्याचें काम ज्या डॉक्टराकडे आहे, त्याला स्वतःला तें नीट उमगलें नसेल, तर त्या मोहिमेचीं पत्रकें आणि फलक काय करणार?

हा दोष एकट्या वैद्यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. आम्ही गणिताचे अध्यापकहि जीवशास्त्राकडे नाक मुरडून पाहतों. आम्हांस धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी इतिहासकार म्हणून ठाऊक असतात. पण १९३३ ते १९४५ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत ते गणित शिकवीत होते, आणि १९४४ सालीं त्यांनीं गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचें एक सूत्र दिलें, हें कितीजणांस माहीत आहे? गुणसूत्रावर एके ठिकाणीं अदलाबदल झाली, म्हणजे तिच्या शेजारीं दुसरी होण्यास अडथळा येतो. त्या अडथळ्याचा हिशेब या सूत्रांत आहे. गहूं-भाताच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आजहि जगभर 'कोसंबी फलन' वापरतात. आपल्या गणिताच्या वर्गांत मात्र त्याचें नांवहि निघत नाहीं, आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी संगणकावर तें नांव निवडतो तें केवळ यादींत आहे म्हणून.

'आतां हिशेब संगणक करतो' या युक्तिवादाचें उत्तर यांतच आलें. संगणक भागाकार करील. कशास कशानें भागावें, हें तो वापरणाऱ्यासच ठरवावें लागतें. मुलांवर ओझें पडेल, ही दुसरी तक्रार. पण कोसंबींचें सूत्र सोडल्यास वर दिलेल्या एकाहि उदाहरणास वर्गसमीकरणापलीकडचें गणित लागत नाहीं. पाठांतराचीं शेंकडों पानें ज्यांना ओझें वाटत नाहींत, त्यांना हेंच जड कां व्हावें? आम्ही आपल्याच दुकानाची जाहिरात करीत आहों, असें कोणी म्हणेल. खुशाल म्हणावें, मात्र माल खोटा असल्याचें दाखवून द्यावें.

आमची मागणी थोडी आहे. वैद्यकाच्या प्रवेश परीक्षेंत संभाव्यता व संख्याशास्त्र यांची एक छोटी पण सक्तीची प्रश्नपत्रिका असावी. वनस्पतिशास्त्राच्या पदवीक्रमांत संख्याशास्त्र शेतांतील व प्रयोगशाळेंतील खऱ्या आकड्यांवर शिकवावें. आणि आम्ही गणितशिक्षकांनीं फांसे व रंगीत चेंडू यांच्या जोडीला वाटाणे आणि रक्ताचे नमुनेहि फळ्यावर आणावेत. यांतील शेवटच्या गोष्टीस सरकारच्या हुकुमाची जरूर नाहीं. ती येत्या जूनपासून सुरू करतां येईल.