सायकल गोठ्यात, पोर दारात



गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात एक वाद झाला. वाद बांधाचा नव्हता, की वाटणीचा नव्हता. वाद झाला एका सायकलीवरून. असाच वाद आज कितीतरी घरांत चालू असेल, म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

माझी नात यंदा आठवीत गेली. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल मोठ्या गावाला, दीड कोसावर, म्हणजे पावणेपाच किलोमीटर. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी मदत मिळते, तशी तिलाही मिळाली. पोर हरखून गेली. हँडलला रंगीत झिरमिळ्या बांधल्या, सीट फडक्यानं पुसून लख्ख केली. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या बापानं ती सायकल गोठ्यात नेऊन कडब्याच्या पेंढ्यांना टेकवून ठेवली. म्हणाला, "हमरस्त्यानं पोरगी सायकलवर जायची नाही. मी मोटारसायकलवर सोडीन. मला नाही जमलं तर वडापनं जाईल."

बोलायला सोपं, पण करायला अवघड. रात्रपाळीची वीज आली की हा रात्रभर पिकाला पाणी देणार आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. दोन आठवड्यांत पोरीचे चार खाडे झाले.

मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आबा, तुम्ही हायस्कूलला कशावरून जात होता?"

"सायकलवरून."

"मग?"

ह्या 'मग'चं उत्तर मला देता आलं नाही. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सगळा जुना काळ डोळ्यांपुढून सरकला.

मी १९६८ साली सातवी पास झालो. वडिलांनी एक कालवड विकली आणि तालुक्याहून सायकल आणली. त्याआधी सायकल शिकलो ती भाड्याची. बाजाराच्या गावी सायकलचं दुकान होतं, तासाला चार आणे. पाय पुरायचे नाहीत, म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. गुडघे फुटायचे, पण तास संपेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही, कारण पैसे तासाचे दिलेले असत.

तेव्हा सायकलीला मान होता. पोस्टमन सायकलवर, गुरुजी सायकलवर, ग्रामसेवक सायकलवर. दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना किटल्या लटकलेल्या असत. दळणाचं गाठोडं, वैरणीचा भारा, आजारी म्हातारी, सगळं त्या कॅरिअरवर मावायचं. हुंड्याला १९६१ सालापासून कायद्यानं बंदी होती, तरी जावई सायकल, घड्याळ आणि रेडिओसाठी अडून बसायचे. तालुक्याच्या गावात रात्री दिवा नसलेला सायकलवाला दिसला की शिपाई शिट्टी मारायचा आणि चाकाची हवा सोडून द्यायचा. आज हसू येतं, पण अंधारात दिवा हवा हे तेव्हा सायकलवाल्यालासुद्धा बजावलं जात होतं.

आणि रस्ता? रस्ता म्हणजे गावाचं अंगणच. पोरं जुना टायर काठीनं पळवत वेशीपर्यंत जात. विटीदांडू रस्त्यात, गोट्या रस्त्यात. बैलगाडी आली की बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळायचा, कारण गाडीच्या आधी तिच्या घुंगरांचा आवाज यायचा. कधी सात दिवस सात रात्री खाली न उतरता सायकल चालवणारा गडी गावात यायचा. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा. सारं गाव त्याच्याभोवती जमायचं, आणि जाताना लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे.

आता रस्त्यावरून काँक्रीट गेलं, दारापुढचा चिखल गेला, आजारी माणूस अर्ध्या तासात दवाखान्यात पोचतो. हे चांगलंच झालं. पण त्याच गल्लीतून तरणी पोरं मोटारसायकल अशी पळवतात, की म्हातारं माणूस उंबऱ्यावर उभं राहून आधी दोन्हीकडं बघतं. खेळणारी पोरं घरात गेली आणि मोबाइलला चिकटली. आपण पोरांना दोष देतो; पण त्यांचं अंगण गेलं कुठं, हे विचारत नाही.

माझ्या मुलाची भीती खोटी नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांत मोटारसायकल-स्कूटरवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. म्हणजे दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ दोन ह्या दोन प्रकारांतले. आपण म्हणतो, सायकल धोक्याची, मोटारसायकलवर सोडतो. पण आकडे सांगतात की मोटारसायकल म्हणजे काही चिलखत नव्हे.

इथवर विचार आला आणि जुना काळ फार गोड वाटू लागला. तेवढ्यात एक गोष्ट आठवली आणि झोपच उडाली.

माझी धाकटी बहीण १९७० साली सातवी पास झाली. माझ्यापेक्षा हुशार. गणितात तर मी तिला विचारायचो. हायस्कूल तेच, अंतर तेच, घरात सायकलही उभी. पण "पोरीची जात सायकलवर बसते का?" असं सगळे म्हणाले, आणि तिची शाळा सुटली. मी रोज तिच्या डोळ्यांपुढून सायकल काढून जायचो. कॅरिअर रिकामं असायचं. 'चल, बस मागं' असं म्हणायचं माझ्या कधी तोंडात आलं नाही. वाट सुरक्षित होती, निवांत होती, पण तिच्यासाठी बंद होती. जुना काळ चांगला होता असं म्हणताना कोणासाठी चांगला होता, हेही सांगायला हवं.

पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली. सरकारनं जागोजाग दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आमच्या गावाला काम मिळालं ते गाडीवाटेची सडक करण्याचं. माझी आई आणि बहीण खडी फोडायला जायच्या. हाताला चिंध्या गुंडाळायच्या आणि उन्हात बसून खडीचे ढीग मोजून द्यायच्या. दुपारी सुकडी मिळायची. आज ज्या डांबरी हमरस्त्यावरून गाड्या भरधाव जातात, त्याच्या पोटात माझ्या बहिणीनं फोडलेली खडी आहे. तिला त्या वाटेनं शाळेत जाता आलं नाही. आणि आता पन्नास वर्षांनी त्याच वाटेनं तिच्या भावाच्या नातीनं जाऊ नये, असं आम्ही म्हणतो!

सकाळी हे मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही. मग मी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हांलाही सांगतो.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा कोरडवाहू जिल्हा आहे. तिथं १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम झाली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचं कामही त्या मोहिमेत घेतलं. शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या बाया हजारोंनी सायकल शिकल्या. आधी टिंगल झाली, मग सवय झाली. पुढं पाणी आणणं, माल बाजाराला नेणं, पोरांना पोचवणं, ह्यासाठी नवऱ्याची किंवा एसटीची वाट बघणं संपलं. पी. साईनाथ ह्या पत्रकारांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट बिहारची. तिथं २००६ सालापासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की हायस्कुलात जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशानं वाढलं. त्यातही शाळेपासून तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. आपल्या पोरीसारख्याच त्या पोरी, आणि अंतरही तसंच.

"पण रस्त्याचं काय?" मुलानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. नुसती सायकल देऊन भागत नाही, वाटही द्यावी लागते. हॉलंड देश आज सायकलींसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथंही मोटारी वाढल्यावर १९७१ साली तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेंहून जास्त मुलं होती. तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले. सरकारला वेग आवरावा लागला, सायकलींची वेगळी वाट करावी लागली. आपल्याला उद्याच तसं जमणार नाही. पण गावाच्या हातात जेवढं आहे, तेवढं करायला कोणाची ना आहे?

मी पारावर हा विषय काढला, आणि आम्ही आधी आमचेच दोष मोजले. हमरस्त्यावर सोयाबीन आणि मका कोण वाळत घालतं? आपणच. मग सायकलवाल्याला रस्त्याच्या मध्ये यावं लागतं. ट्रॉली पंक्चर झाली की चाकापुढं दगड कोण लावतं आणि तसेच टाकून कोण जातं? आपणच. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ती कोणाची? आपलीच. साइडपट्टीवर बाभळी वाढल्या आहेत, तोडायला कोऱ्हाड कोणाच्या घरात नाही?

मग ठरलं. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर धान्य नसावं. ट्रॉलीवाल्यांनी दिवा आणि रिफ्लेक्टर तपासूनच निघावं. वळणावरच्या बाभळी साऱ्यांनी मिळून छाटल्या. हायस्कुलापाशी गतिरोधक आणि फलक हवा, असा ठराव ग्रामसभेत घेऊन बांधकाम खात्याकडं अर्ज दिला आहे. तो कधी मंजूर होईल ते बघू. पाठपुरावा मात्र सोडणार नाही.

पोरींना काय सांगायचं, तेही लिहितो, उपयोगी पडेल. सीट एवढीच उंच ठेवा, की थांबल्यावर पाय टेकले पाहिजेत. ब्रेक आणि घंटी रोज बघा. चेनला आठवड्यातून एकदा तेल द्या. ओढणी खोचून घ्या, ती चाकात किंवा चेनमध्ये अडकते. डाव्या बाजूनं, एकामागं एक चला. गप्पांसाठी शाळेत जागा आहे. अंधार पडायच्या आत घरी या. चारपाच जणींनी मिळून जा. आणि घरच्यांनी अपघाताच्या वेळी १०८ नंबर फिरवायचा, हे लक्षात ठेवा.

पहिला आठवडा माझा मुलगा मोटारसायकल हळू चालवत पोरींच्या मागं मागं गेला. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या वाटेवरून परत फिरला. आता वेशीपर्यंत येतो आणि त्या दिसेनाशा होईस्तोवर उभा राहतो. भीती गेली असं मी म्हणत नाही. बापाची भीती जात नसते. पण त्या भीतीपायी पोरीची शाळा गोठ्यात बांधून ठेवणं त्यानं थांबवलं. खाडे बंद झाले.

परवा माझी बहीण चार दिवस माहेरपणाला आली होती. नात शाळेतून आली आणि तिनं सायकल दारात उभी केली. बहिणीनं जवळ जाऊन सीटवर हात ठेवला, घंटी एकदा वाजवून बघितली आणि म्हणाली, "दादा, गणित कसं आहे गं हिचं, ते विचारलंस का?"

मी म्हटलं, "तूच विचार."

दोघी ओसरीवर वही घेऊन बसल्या, त्या दिवेलागण झाली तरी उठल्या नाहीत.

मंडळी, तुमच्या घरी एखादी सायकल गोठ्यात उभी असेल, तर आज तिची हवा तपासा. आणि तुमच्या गावानं शाळेच्या वाटेसाठी काय केलं, ते आम्हांला जरूर कळवा.