साडेतीन ओळींचा काडीमोड

जपानमध्ये घटस्फोट घ्यायला एक कागद लागतो. नाव 'रिकोन तोदोके', म्हणजे घटस्फोटाची नोंद. हा ए-थ्री आकाराचा फॉर्म वॉर्ड ऑफिसात फुकट मिळतो. नवरा-बायकोने सह्या करायच्या, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि खिडकीत नेऊन द्यायचा. फी शून्य. कारण कुणी विचारत नाही. दोघांनी मिळून जायला हवं असंही नाही. दिवसा वेळ नसेल तर रात्रपाळीचा माणूससुद्धा कागद ठेवून घेतो. पूर्वी शिक्का मारायची सक्ती होती, ती सप्टेंबर २०२१ पासून गेली. जिम सोडायला मला याहून जास्त कागद भरावे लागले होते.

या प्रकाराला 'क्योगी रिकोन' म्हणतात, म्हणजे आपसांत ठरवून घेतलेला घटस्फोट. इथल्या दर दहा घटस्फोटांपैकी जवळजवळ नऊ असेच होतात. न्यायाधीश नाही, वकील नाही, तारखा नाहीत. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. "काय सुटसुटीत आहे रे! नाहीतर आमच्याकडे, चपला झिजतात."

मला ते तितकंसं सुटसुटीत वाटत नाही. मी इथे पीएच.डी.साठी आलो आणि पुढे संशोधन विभागात चिकटलो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट फार सहज पुढे सरकली की आधी शंका येते, मधली तपासणी कुणी गाळली तर नाही ना? या फॉर्मचं नेमकं तेच आहे. कायदा कळणाऱ्या एकाही माणसाच्या नजरेखालून तो जात नाही. खिडकीतला कारकून रकाने भरलेत की नाही एवढं बघतो. मुलांचा खर्च किती, कोण देणार, भेटी कधी, घर कुणाचं, हे त्याचं काम नाही. २०१२ साली फॉर्मवर चौकोन आले, भेटींचं ठरलं का, खर्चाचं ठरलं का. पण 'अजून ठरलेलं नाही' यावर खूण केली म्हणून फॉर्म कुणी परत करत नसे. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२१ च्या सरकारी पाहणीत एकटीने मुलं वाढवणाऱ्या आयांपैकी फक्त २८.१ टक्के बायकांना मुलांच्या वडिलांकडून खर्च मिळत होता. बाकीच्यांनी सही केली, कागद दिला आणि कामाला लागल्या.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली म्हणा. नवऱ्याने किंवा बायकोने दुसऱ्याची खोटी सही ठोकून फॉर्म देऊ नये म्हणून वॉर्ड ऑफिसात आधीच एक अर्ज देऊन ठेवता येतो: मी स्वतः आल्याशिवाय माझ्या घटस्फोटाचा कागद स्वीकारू नका. ज्या व्यवस्थेला असा अर्ज काढावा लागतो, तिथे काय काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. जपानी माणसाशी लग्न केलेल्या परदेशी बायकांना (आणि नवऱ्यांनाही) पहिला सल्ला हाच दिला जातो.

मुलांच्या बाबतीत तर कायदा फारच कठोर होता. घटस्फोटानंतर 'शिनकेन', म्हणजे मुलावरचा पालकाचा हक्क, आई किंवा बाप यांपैकी एकालाच. फॉर्मवर दोन रकाने, आईकडे राहणारी मुलं आणि बापाकडे राहणारी मुलं, नावं एकाच रकान्यात लिहायची. दुसरा पालक कागदावरून गेला की बऱ्याचदा आयुष्यातूनही जायचा. यात भरडले गेलेले बाप खूप आहेत. जपानी आहेत तसेच परदेशीही. मे २०२४ मध्ये संसदेने नागरी कायदा बदलला. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख धरून संयुक्त हक्काचा पर्याय आणला. शिवाय आई-बापांनी काहीच ठरवलं नाही तरी मुलामागे महिना २०,००० येन देणं लागू होईल अशी सोय केली. छळाचा किंवा मारहाणीचा धोका असेल तिथे कोर्टाने हक्क एकाकडेच द्यायचा आहे. बदल चांगला आहे. मात्र धोका आहे हे सिद्ध कुणी करायचं? जिच्या अंगावर वळ आहेत तिने. आणि त्यासाठी पुन्हा कायदा कळणारा माणूस सोबत हवा.

कामाकुराला गेलात तर दाइबुत्सु बघून परत फिरू नका. किता-कामाकुरा स्टेशनजवळ तोकेइजी नावाचं छोटं देऊळ आहे. १२८५ साली स्थापन झालेलं, शतकानुशतकं भिक्षुणींचं. एदो काळात काडीमोड द्यायचा हक्क नवऱ्याचा. तो एक चिठ्ठी लिहायचा, रिवाजाने साडेतीन ओळींची, आणि तिचं नावच 'साडेतीन ओळी' पडलं. (आपल्याकडे साडेतीन मुहूर्त, साडेतीन शहाणे, इथे साडेतीन ओळींत बायको मोकळी.) बायकोला अशी चिठ्ठी लिहायची सोय नव्हती. तिला सुटायचं असेल तर तोकेइजीचं दार गाठायचं. मागून माणसं धावत आली आणि दार दूर असेल तर पायातली चप्पल आत फेकली तरी ती आत पोचली असं धरत, असं सांगतात. दोनेक वर्षं तिथे राहिली की नवऱ्याला ती चिठ्ठी लिहून द्यावीच लागे.

चपलेची गोष्ट सगळे सांगतात, पण मला त्याहून दाराबाहेरच्या धर्मशाळा महत्त्वाच्या वाटतात. पळून आलेल्या बाईला आधी तिथे उतरवून घेत, तिचं म्हणणं ऐकत, माहेरच्यांना आणि नवऱ्याकडच्यांना निरोप धाडत आणि बोलणी करत. पुष्कळ बायकांना देवळात जायची वेळच येत नसे, बाहेरच चिठ्ठी मिळे. म्हणजे रीतभात आणि कायदा दोन्ही कळणारा माणूस अगदी पहिल्या रात्री भेटत होता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मेइजी सरकारने देवळाचा हा हक्क काढून घेतला. १८७३ साली बायकांना कोर्टात दाद मागता येईल असं जाहीर केलं. अट एकच, बाप, भाऊ किंवा नातलग सोबत हवा! धर्मशाळा गेली आणि काका-मामा आले.

आता आपल्या लोकांकडे येतो. जपानमध्ये राहणारं मराठी जोडपं, दोघं भारतीय नागरिक, वेगळं व्हायचं म्हणतं तेव्हा हा फॉर्म त्यांच्या उपयोगाचाच नसतो. नवरा-बायको एकाच देशाचे असतील तर घटस्फोटाला त्या देशाचा कायदा लावायचा, असा जपानचा नियम आहे. हिंदू विवाह कायद्यात कोर्टाशिवाय काडीमोड नाही, त्यामुळे वॉर्ड ऑफिसची खिडकी बंद. जपानी कौटुंबिक न्यायालयात जाता येतं. १२०० येनचं तिकीट लावून अर्ज करायचा, मग दोन मध्यस्थ, बहुधा एक पुरुष आणि एक बाई, दोघांचं आळीपाळीने ऐकतात. पण तिथला न्यायाधीश आपला १९५५ चा कायदा भाषांतरात वाचणार. तो जो निकाल देईल तो भारतात टिकेल का, हे आपलं सर्वोच्च न्यायालय १९९१ च्या नरसिंह राव खटल्यातल्या कसोटीवर बघणार. पोटगीचा जपानी आदेश भारतात थेट वसूल होत नाही, त्यासाठी नव्याने दावा. मूल घेऊन एकजण भारतात गेला तर हेग कराराचा आधार नाही, कारण जपान २०१४ साली त्यात आला आणि भारत अजून बाहेरच आहे.

मागे ओळखीतल्या एका मुलीबरोबर मी दुभाषा म्हणून वकिलाकडे गेलो होतो. नाव-गाव सांगत नाही. नवरा इथे नोकरीला, ती डिपेंडंट व्हिसावर. या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं आणि घटस्फोट झाला की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं. लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका बघतात, नाडी बघतात, पॅकेज तर बघतातच, पण मुलगी कुठल्या व्हिसावर जाणार आणि तो कुणाच्या जिवावर टिकणार, हे बैठकीत विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आम्ही गेलो ते 'होतेरासु'मार्फत. २००६ साली सरकारने उभी केलेली ही कायदा-मदतीची संस्था आहे आणि नावाचा अर्थ साधारण 'कायद्याचा उजेड'. तिच्या फोन नंबरातले शेवटचे आकडे ०७८३७४ जपानीत वाचले की 'ओनायामी नाशी' होतं, म्हणजे 'चिंता नाही'. कमी उत्पन्न असेल तर एका प्रश्नावर तीन वेळा, दर वेळी अर्धा तास, वकिलाचा सल्ला फुकट. कायदेशीर व्हिसा असलेल्या परदेशी माणसालाही. भांडण नवऱ्याशीच असेल तर त्याचा पगार तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत, ही गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते आणि 'आपण कुठे गरीब' म्हणून त्या फोनच करत नाहीत. पुढे वकील लावला तर फी संस्था भरते, पण ती उसनी. महिना पाच-दहा हजार येन फेडायचे. व्याज नाही. फोनवर दुभाषा देतात. भाषांची यादी बघितली तर नेपाळी होती, आपली एकही नव्हती. म्हणून मी.

अर्ध्या तासातली बारा मिनिटं माझ्या भाषांतरात गेली. वकीलबाईंनी (इथे वकिलालाही 'सेन्सेइ' म्हणतात) पहिला प्रश्न विचारला, लग्न कुठल्या कायद्याखाली नोंदवलं? दुसरा, मूळ दाखला कुठे आहे? तिसरा, मुलाचा पासपोर्ट कुणाकडे? दाखला आणि पासपोर्ट नवऱ्याच्या फाईलमध्ये, पगाराची चिठ्ठी तिने कधी बघितलेली नाही आणि दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. 'स्त्रीधन' जपानीत कसं सांगायचं ते मला सुचेना. 'लग्नात बाईला मिळालेलं, तिच्या एकटीचं सोनं' असं काहीतरी म्हणालो. सेन्सेइंनी मान डोलावली आणि 'तोकुयू झाइसान' लिहिलं, म्हणजे ज्याची त्याची स्वतंत्र मालमत्ता. मग म्हणाल्या, "घाईने कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि भारतातला वकील आजच गाठा."

बाहेर आल्यावर तिने आईला फोन लावला. फोन मामांनी घेतला. वकिलाकडे गेली होती म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तू संपवायचंच ठरवलंस तर."

हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांत इतक्यांदा ऐकलंय की त्यावरच लिहायला बसलो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणणाऱ्याचा अनुभव खरा असेल. पण त्यात कोर्ट आणि वकिलाचा सल्ला एकाच पोत्यात भरले गेलेत. डॉक्टरला दाखवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं, असं मामा म्हणत नाहीत. घरातली बैठक वाईट नसते, कित्येक संसार तिने सावरलेत. मात्र बैठकीतल्या कुणालाच ठाऊक नसतं की वेगळं राहून वर्ष झाल्याशिवाय परस्परसंमतीचा अर्ज करता येत नाही. सहा महिन्यांची मुदत कोर्ट कमी करू शकतं हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, तेही नाही. किंवा बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते, ही २००३ सालची दुरुस्ती. मामा जे सांगतात ते १९८५ साली त्यांच्या मावसबहिणीचं काय झालं यावरून.

आणि गंमत बघा, कागदावर आपला कायदा जपानहून उदार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. उसने नाहीत, फेडायचे नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं, फोन १५१००. मिळणारा वकील चांगला निघेल का, हा प्रश्न आहेच आणि तो मी झटकत नाही. पण निदान पहिल्या दिवशी विचारायला जागा आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहणारी बाई तिथे पाय ठेवत नाही, कारण ते 'गरिबांसाठी' आहे आणि कुणी बघितलं तर काय म्हणेल!

त्या मुलीने नाशिकचा वकील गाठला. सहा-सात महिने मामा तिच्याशी धड बोलत नव्हते. नवऱ्याचीही बाजू होती, त्यानेही इथे स्वतःचा वकील केला. त्यानंतर दोघांची भांडणं कमी झाली, वाढली नाहीत, कारण आता 'मूल तुला दिसणार नाही' आणि 'तुला छदाम मिळणार नाही' या धमक्यांना दोन्हीकडे कुणी भीक घालत नव्हतं. वर्ष भरल्यावर संमतीचा अर्ज नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात गेला. दागिन्यांची यादी त्यात आहे, मुलाच्या शाळेचा खर्च आहे, मुलाचा पासपोर्ट कुणाकडे राहील हेही लिहिलंय. मूल आईजवळ आहे. रविवारी तिकडे सकाळी नऊ वाजता, म्हणजे इथल्या साडेबाराला, बाप फोन लावतो, आणि मुलगा त्याला शाळेतल्या मारामाऱ्या निम्म्या जपानीत सांगतो.