काचेतला समुद्र आणि शिवारातला स्फुरद

खाऱ्या पाण्याच्या पेटीत प्रवाळ पाळणाऱ्यांची आपल्याकडे चेष्टा होते. चाचणीची नळी उजेडात धरून रंग बघत बसायचं, श्रीमंती चाळे, दुसरं काय! माझं म्हणणं उलट आहे. आपल्या कुंडलच्या ऊसवाल्यांनी या लोकांची शिकवणी लावावी.

ही मंडळी फॉस्फेट मोजतात. लिटरला साधारण ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम राहावं म्हणून धडपडतात. वाढलं की शेवाळ माजतं, प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा नीट वाढत नाही. पार शून्यावर नेलं तर प्रवाळ उपाशी राहतं. त्यात गंमत म्हणजे फॉस्फेट चुन्याच्या दगडात मुरतं. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे वापरून पाण्यातलं कमी केलं, तरी दगडातलं हळूहळू परत पाण्यात उतरतं. म्हणून शहाणा माणूस आधी खाद्य कमी करतो.

आता आपलं बघा. हे फॉस्फेट म्हणजे आपला स्फुरदच की! ५० किलोच्या डीएपीच्या पोत्यात खताच्या हिशोबानं २३ किलो स्फुरद. शेजाऱ्यानं दोन पोती टाकली म्हणून आपण तीन. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका निघाल्या, त्या कपाटात. आपल्या काळ्या रानातही चुना आहेच. स्फुरद त्याच्याशी बांधला जातो, पिकाला चटकन मिळत नाही, की पुन्हा पोतं. जादा झाला की पिकाला जस्त कमी पडतं, मग जस्ताची पिशवी. दुकानदार खूश!

पावसात माती ओढ्यानं कृष्णेला जाते, स्फुरद घेऊन. जलपर्णी दिसली की आपण कारखान्याकडे बोट दाखवतो, गावाच्या सांडपाण्याकडे दाखवतो. तेही खरंच आहे. पण आपल्या बांधावरून गेलेलं कोण मोजणार?

"खाऊ घातल्याशिवाय टनेज निघत नाही," असं काका-मामा म्हणतील. मान्य. पण रानात आधीच किती पडलंय हे न बघता वाढत राहायचं, याला शेती कसं म्हणायचं? बांधलेला स्फुरद थोडाफार मोकळा करणारे जिवाणू मिळतात, शेणखतही आहे. आणि खताचा कच्चा माल बराचसा परदेशातून येतो, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा रागावू नका. येत्या लागणीआधी मातीचा नमुना द्या, अहवाल वाचा, मग पोतं फोडा. माझ्याशी भांडायचंच असेल तर आपल्या रानाचा स्फुरदाचा आकडा घेऊन या!