गॅस भरण्यापूर्वी गळती शोधा

एप्रिल उजाडला की विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींतून ‘एसीतला गॅस संपला’ ही तक्रार ऐकू येऊ लागते. आणि स्वयंपाकघरातील सिलिंडर जळून रिकामा होतो तसाच हाही वायू थंडावा देता देता खर्ची पडत असावा, ही समजूत त्या एका शब्दाच्या साधर्म्याने आपल्या मनात इतकी दृढ झाली आहे की, दर उन्हाळ्यात कारागीर बोलावून गॅस भरून घेणे हा घराचा वार्षिक दस्तूरच होऊन बसला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. यंत्रातील शीतक द्रव्य बंदिस्त नळ्यांतून फिरते, खोलीतील उष्णता बाहेर टाकते आणि पूर्वस्थितीस येते. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती तशीच ठेवून भरलेला वायू त्याच वाटेने निघून जाणार.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून आणि वसईच्या खाडीवरून येणारी खारी, दमट हवा धातूला किती लवकर ग्रासते, हे येथील खिडक्यांचे गंजलेले गज रोज सांगत असतात. भिंतीबाहेर टांगलेल्या यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांचीही त्यातून सुटका नाही. त्याखेरीज नळ्या जोडणारे सैल फ्लेअर नट, सांध्यांचे कच्चे ब्रेझिंग (झाळकाम) आणि कंपनाने परस्परांवर घासणाऱ्या नळ्या ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. पुष्कळदा तेथे तेलाचा डाग दिसतो; साबणाच्या पाण्याचा बुडबुडा उरलेला तपास पुरा करतो.

खरी दुरुस्ती म्हणजे उरलेले शीतक हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणे, सांधा नीट करणे, कोरड्या नायट्रोजनच्या दाबाखाली यंत्र ठेवून दाबमापकाचा काटा उतरत नाही याची खात्री करणे, व्हॅक्यूम पंपाने हवा व बाष्प काढणे, आणि यंत्राच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतकेच शीतक तोलून भरणे. दाबासाठी प्राणवायू वापरणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. आणि नव्या यंत्रांतील आर-३२ हे शीतक तर स्वतःच ज्वलनशील असल्याने तेथे घाई प्राणावर बेतू शकते.

शिवाय गळतीचा हा प्रश्न एका घराच्या विजेच्या बिलापुरता नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोनच्या थराला अपाय करते, म्हणूनच १९८७च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्याला टप्प्याटप्प्याने निरोप दिला जात आहे. आर-३२ ओझोनला निरुपद्रवी असले, तरी त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात कोंडतो. अशा वायूंचा वापर घटविण्यासाठी याच करारात झालेल्या २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. तिचे पालन अखेर आपल्या गॅलरीतच व्हावयाचे आहे.

यात केवळ कारागिराला दोष देणे न्यायाचे नव्हे. अर्ध्या तासात आणि कमी पैशांत काम मागणारे आपणच आहोत. त्याच्या वेळेचे आणि कौशल्याचे मोल आनंदाने द्यावे, आणि पावतीवर गळती कोठे सापडली, दाब किती वेळ टिकला, व्हॅक्यूम केले की नाही व शीतक किती ग्रॅम भरले, या चार नोंदी आग्रहाने मागाव्यात. ज्या कामाच्या पावतीवर गळतीचे ठिकाण नाही, ते काम पुरे झाले असे मानू नये.