नोकरी सोडून कन्सल्टिंग? आधी दिवसाचा दर काढा

जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार जणांना, म्हणजे 2 टक्के कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि ‘परमनंट’ या शब्दावरचा अनेकांचा विश्वास डळमळला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मग मनात येतंच: एवढं काम येतं, तर स्वतःचंच का सुरू करू नये? विचार चुकीचा नाही. चुकतो तो हिशोब.

समजा, तुमचं पॅकेज 18 लाख आहे. शनिवार-रविवार सोडले तर वर्षात 261 दिवस उरतात, म्हणजे दिवसाला साधारण 7 हजार. क्लायंटने 8 हजार देऊ केले की फायदाच वाटतो. पण सण, आजारपण, सुट्टी यांचे पैसे आता कुणी देणार नाही. काम शोधणं, कोटेशन पाठवणं, बिलांचा पाठपुरावा यातही दिवस जातात. बिल लावता येतील असे 150 दिवस धरा. म्हणजे तेवढेच 18 लाख जमायला दिवसाला 12 हजार हवेत. लॅपटॉप आणि आरोग्य विमा वेगळाच.

जमेची बाजूही आहे. ‘44एडीए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर योजनेत आयटी व्यावसायिकाला निम्मी कमाईच उत्पन्न म्हणून दाखवता येते. म्हणजे 18 लाखांचे 9 लाख. आणि नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत कर शून्य. ही बचत उडवू नका, पीएफची जागा तिनेच भरायची आहे. वर्षाची कमाई 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती लगेच करा. मग क्लायंटला कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात.

राजीनाम्याआधी तीन गोष्टी:

• गृहकर्ज घ्यायचं असेल तर आधीच घ्या. नंतर बँका सहसा दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात.
• सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा.
• नोकरीत असताना चोरून काम नको. विप्रोने 2022 मध्ये याच कारणाने 300 जणांना काढलं होतं.

तुमचा दर ऐकूनही दोन वेगळे क्लायंट ‘कधीपासून सुरू करता?’ असं विचारत असतील, तर राजीनामा टाइप करा. एकच असेल, तर ती दुसरी नोकरीच झाली. फक्त पीएफ आणि भरपगारी रजा नसलेली.